सरकारी काचघरात ट्रायपॉड लावून ऑर्किडचे फोटो काढायचे असतील तर

सरकारी बागेच्या काचघरात मोबाइलने फोटो काढायला कुणी अडवत नाही. वीस रुपयांचं तिकीट काढा आणि आत हवा तेवढा वेळ थांबा. ट्रायपॉड उघडला की मात्र चौकीदार येतो. ट्रायपॉड म्हणजे शूटिंग, आणि शूटिंगला साहेबांची लेखी परवानगी लागते. ऑर्किडचं फूल पाकळीवरच्या शिरांसकट टिपायचं तर ट्रायपॉडवाचून भागत नाही. म्हणून मी परवानगीच्या मागे लागले, ती मिळाली, आणि यंदाचा हिवाळा सुट्ट्या जुळवून त्या काचघरात काढला. सुरुवातीला मी माहिती शोधत होते तेव्हा मराठीत काही हाती लागलं नव्हतं, म्हणून झालं तसं सगळं लिहिते आहे.

बागेचं नाव देत नाही. मराठवाड्यातल्याच एका जिल्ह्याच्या गावी ती आहे. काचघर लहान, सांभाळणारी माणसं दोन, आणि मागे एकदा कुंड्या चोरीला गेल्यात. अधीक्षकांनी नाव नको म्हणून विनंती केली, मलाही ती पटली. परवानगीची वाट बहुतेक सरकारी बागांत अशाच टेबलांवरून जाते.

मी लातूरला बँकेत आहे. बाग एसटीने साडेतीन तासांवर. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे येण्याजाण्याचा खर्च फारसा जाणवला नाही, आणि त्या गावात मावसबहीण राहते म्हणून मुक्कामाचाही प्रश्न मिटला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कार्यालयात गेले. ते बागेतच, रोपवाटिकेच्या मागच्या बाजूला. आवक-जावकच्या मॅडम म्हणाल्या, छापील नमुना काही नाही, साध्या कागदावर लिहून द्या. अर्ज उद्यान अधीक्षकांच्या नावे करायचा. त्यात पाच गोष्टी स्पष्ट हव्यात: कशाचे फोटो, कशासाठी, कोणत्या तारखांना, बरोबर किती माणसं, आणि सामान काय. सामानाची यादी तपशिलाने लिहा. कॅमेरा एक, लेन्स दोन, ट्रायपॉड एक, काळं कापड एक मीटर, असं. पुढे प्रत्येक वेळी फाटकावर चौकीदार हीच यादी हातात घेऊन सामान तपासतो. यादीत नसलेली वस्तू बाहेर ठेवावी लागते. सोबत आधारची झेरॉक्स, एक फोटो आणि अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसरीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. पुढचं सगळं त्या क्रमांकावर चालतं. फोनवर नाव सांगून कुणाला काही आठवत नाही, क्रमांक सांगितला की फाईल सापडते.

डिसेंबर पूर्ण वाट पाहण्यात गेला. आधी साहेब दौऱ्यावर होते. मग नागपूरचं हिवाळी अधिवेशन लागलं आणि सगळं कार्यालय तारांकित प्रश्नांची उत्तरं तयार करण्यात बुडालं. परवानगीचे अर्ज त्या काळात हलत नाहीत. ज्यांना जानेवारीत फोटो काढायचे असतील त्यांनी दिवाळी झाली की लगेच अर्ज टाकावा.

अधिवेशन संपल्यावर फोन केला तेव्हा कळलं, फाईल प्री-वेडिंगमध्ये गेलीय. बागेत प्री-वेडिंग शूटिंगची गर्दी वाढल्यापासून कॅमेऱ्याचा कुठलाही अर्ज त्याच गठ्ठ्यात जातो, आणि त्याचा दर अर्ध्या दिवसाला तीन हजार. माझ्या पोटात गोळा आला, कारण तेवढे पैसे काढणं मला शक्य नव्हतं. पुढच्या आठवड्यात जाऊन लिपिकांना भेटले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की हौशी छायाचित्रणाचा दर वेगळा आहे, रोजचे तीनशे आणि एक हजार रुपये अनामत, जी नंतर परत मिळते. फक्त त्यासाठी हमीपत्र लागतं की फोटो विकणार नाही, कुंड्या हलवणार नाही, फ्लॅश वापरणार नाही. स्टँपपेपर लागतो का, हे स्पष्ट विचारा. मला लागला नाही, साध्या कागदावर सहीने काम झालं. हमीपत्र तिथेच टेबलावर बसून लिहिलं. नवी टिपणी त्याच दिवशी मंजुरीसाठी साहेबांपुढे गेली.

५ जानेवारीला पत्र हातात आलं. मंगळवार ते शुक्रवार, सकाळी साडेसात ते दहा, म्हणजे लोकांची गर्दी सुरू होण्याआधी. एक कर्मचारी हजर असेल. आणि काम झाल्यावर फोटोंचा एक संच कार्यालयाला द्यायचा. बसमध्ये ते पत्र मी पुन्हा पुन्हा वाचलं.

लेन्सचं एक सांगायला हवं. जवळून फोटो काढायची मॅक्रो लेन्स महाग असते, आणि नुसत्या हौसेसाठी ती विकत घेणं मला पटेना. पण लग्नाचे फोटो काढणाऱ्यांकडे ती हमखास असते, अंगठी आणि मेंदी टिपायला. लातूरच्या एका स्टुडिओवाल्या दादांनी शंभर मिलिमीटरची मॅक्रो रोजच्या पाचशे रुपयांनी दिली. पौष चालू होता, मुहूर्त नव्हते, लेन्स कपाटात पडून होती. पौष उलटला की हीच लेन्स मिळणं अवघड.

पहिल्या सकाळी बाहेर चांगलीच थंडी होती. काचघराचं दार उघडून आत पाऊल टाकलं आणि लेन्सवर धुकं धरलं. थंड काच दमट उबदार हवेत आली की असंच होतं. पुसलं की पुन्हा धरतं, आणि ओल्या फडक्याने लेन्सवर चरे पडायची भीती. तिथले माळी मामा पाईप बाजूला ठेवून म्हणाले, "काय करायलात ताई? पुसू नका. पिशवीत घालून तोंड बांधा अन् ऱ्हाऊ द्या आतच. अर्ध्या तासानं बगा." तसंच केलं. कॅमेरा बंद पिशवीत असताना आतल्या तापमानाला येतो आणि बाहेर काढल्यावर पाणी सुटत नाही. ती अर्ध्या तासाची सक्ती मला आवडली. रोज तेवढा वेळ नुसतं बघत फिरायचं.

समोरच्या मांडवावर फॅलेनॉप्सिस होते, पांढरे आणि जांभळट गुलाबी, एकेका दांड्यावर आठ-दहा फुलं. दुकानात भेट म्हणून मिळणारं ऑर्किड हेच. मामा म्हणाले, दिवाळीनंतर रात्री गार पडल्या की हे दांडा काढतं. खरंच आहे ते. सतत अठ्ठावीस-तीस अंशांत ठेवलं तर फॅलेनॉप्सिस नुसती पानं वाढवत राहतं. काही आठवडे गारवा मिळाला की मगच फुलावर येतं. आपल्या मराठवाड्याचा हिवाळा त्याला तेवढा गारवा देतो. एकदा उमललेलं फूल दोन-दोन महिने टिकतं, त्यामुळे फोटो काढणाऱ्याला घाई नसते.

मामांनी एका कळीचा देठ दाखवला. कळीत असताना ऑर्किडची ओठासारखी मोठी पाकळी वरच्या बाजूला असते. उमलताना देठ पिळवटतो, फूल अर्धं फिरतं आणि ओठ खाली येतो, म्हणजे येणाऱ्या किड्याला उतरायला जागा होते. मॅक्रोमधून तो पीळ स्पष्ट दिसतो. मी आठवडाभराच्या अंतराने एकाच दांड्याचे फोटो घेतले. त्यात कळी ते फूल असा सगळा फिरण्याचा प्रवास आला. मला माझ्या सगळ्या फोटोंत तेच जास्त मोलाचे वाटतात.

मुळंही सोडू नका. कुंडीबाहेर लोंबणारी मुळं कोरडी असताना चंदेरी राखाडी असतात. मामांनी फवारा मारला आणि डोळ्यांदेखत हिरवी झाली. मुळावर पाणी शोषणाऱ्या मृत पेशींचं वेष्टन असतं. ते भिजलं की पारदर्शक होतं आणि आतला हिरवा रंग दिसतो. ही झाडं मूळ जंगलात दुसऱ्या झाडांवर राहतात, पण त्यांचा रस खात नाहीत. पाऊस, धुकं आणि सालीवर साठलेला पालापाचोळा यांवर जगतात. बघायला येणारे निम्मे लोक त्यांना बांडगूळ म्हणतात आणि मामा प्रत्येकाला थांबवून समजावतात. आपल्याकडे आंब्यावर, बाभळीवर वाढणारा वांडाही याच कुळातला, हे ते आवर्जून सांगतात. तो वांडा त्यांनी काचघराबाहेर एका झाडाला बांधून वाढवलाय. त्याला कशाचीच गरज नाही, ऊन खातो आणि फुलतो.

तांत्रिक बाबी थोडक्यात. पांढऱ्या फुलाला कॅमेरा फसतो आणि फोटो मळकट येतो. उजेड थोडा वाढवून घ्यावा. गडद गुलाबीला उलट, किंचित कमी, नाहीतर लाल रंग फाटतो आणि पाकळीची वीण दिसत नाही. वर हिरवी शेडनेट असेल तर सगळ्यावर हिरवट छटा येते; साधा पांढरा कागद फुलाशेजारी धरून त्यावर रंग जुळवून घ्या. अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक) एफ अकरा, आयएसओ (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) चारशे, शटर हळू, आणि टायमर लावून हात काढून घ्यायचा. पंखे चालू असले की लांब दांड्यावरचं फूल सतत डोलतं. जानेवारीत सकाळी पंखे बंदच असतात, म्हणूनच ही वेळ. आणखी एक अडचण चौकटींच्या सावल्यांची. थेट ऊन आलं की लोखंडी पट्ट्यांची सावली बरोबर फुलावर पडते. नऊनंतर माझं काम तिथेच थांबायचं.

पानांवरच्या पांढऱ्या डागांबद्दलही सांगते, कारण फोटोत ते फार डोळ्यांत भरतात. आपलं बोअरचं पाणी जड. मामांकडे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा छोटा मीटर आहे. बोअरच्या पाण्याला तो आठशेच्या वर जातो, आणि ऑर्किडला दोनशेच्या आतलं पाणी मानवतं. म्हणून काचघराच्या छपरावरचं पावसाचं पाणी जमिनीखालच्या टाकीत साठवतात आणि झाडांना तेच पुरवून वापरतात. २०१६ मध्ये आमच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, ते दिवस मी काढलेत. त्यामुळे ती टाकी बघितल्यावर मला फार बरं वाटलं. मामा म्हणाले, "टाकी तळाला गेली की आमी फुलं मोजीत नाई ताई, पानं जगली का ते बगतो." डाग पडलेली पानं ते पाण्यात लिंबू पिळून त्या फडक्याने पुसतात. फोटोआधी विनंती केली तर पुसून देतात, आपण मात्र हात लावायचा नाही.

एका कोपऱ्यात पॅफिओपेडिलम होते, ओठाच्या जागी पिशवी असलेले. कीटक कडेवरून घसरून पिशवीत पडतो आणि आतल्या केसांच्या शिडीवरून मागच्या अरुंद वाटेने बाहेर निघतो. वाटेत आधी त्याची पाठ स्त्रीकेसराला घासते, मग परागाला; म्हणजे आधीच्या फुलाचं देऊन झालं की या फुलाचं घेऊन जातो. वरून तिरका कोन लावला तर पिशवीच्या मागची ती वाट दिसते. हा संपूर्ण वंश दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या देशोदेशींच्या व्यापारावरच्या 'साइट्स' कराराच्या सगळ्यात कडक यादीत आहे, जंगलातून काढलेलं रोप देशाबाहेर विकताच येत नाही. चोरीनंतर ही रोपं आतल्या रांगेत का गेली ते यावरून कळतं.

या सगळ्यात माझं लक्ष होतं एका कळीकडे. मागच्या रांगेत अँग्रेकम सेस्क्विपेडेल नावाचं ऑर्किड आहे, मादागास्करच्या सखल दमट जंगलातलं. जानेवारीच्या मध्याला त्याची कळी फुगली होती आणि तिच्या मागे लांब हिरवी नळी लोंबत होती. १८६२ साली चार्ल्स डार्विनकडे हे फूल आलं, तेव्हा नळीच्या अगदी तळाशी मकरंद बघून त्याने म्हटलं होतं की एवढ्या लांब सोंडेचा पतंग मादागास्करमध्ये असलाच पाहिजे. लोकांना ते खरं वाटेना. १८८२ मध्ये डार्विन गेला, आणि तशा पतंगाचं वर्णन छापून आलं १९०३ मध्ये. हे मी कॉलेजात वाचलेलं. फूल आपल्या मराठवाड्यात बघायला मिळेल असं कधी मनात आलं नव्हतं.

प्रश्न असा की हे फूल निशाचर पतंगासाठी आहे, त्याचा सुगंध रात्री सुटतो. माझी परवानगी सकाळी दहापर्यंतची. वेळ बदलायची तर नवा अर्ज, नवी टिपणी, आणि फूल दोन-तीन आठवड्यांत कोमेजणार. लिपिक म्हणाले, अवघड आहे, सहानंतर बाग बंद. मग मी अर्जाला कळीच्या फोटोची प्रिंट जोडली आणि डार्विनची गोष्ट चार ओळींत लिहिली. किती वेळ थांबणार, वीज कुठली वापरणार, चौकीदाराच्या नोंदवहीत येण्याजाण्याची सही करेन, हेही लिहिलं. अर्ज हातात धरून वाचणाऱ्याला काय मंजूर करायचंय ते डोळ्यांसमोर दिसलं पाहिजे. चौथ्या दिवशी फोन आला, एका संध्याकाळसाठी आठपर्यंत परवानगी आहे.

जानेवारी संपता संपता गेले. फूल आधी हिरवट उमलतं आणि काही दिवसांत शुभ्र होतं. मी गेले तेव्हा पूर्ण पांढरं झालं होतं, सहा टोकांचं, हाताच्या पंजाएवढं. नळीमुळे त्याचा फोटो उभाच घ्यावा लागतो. काळं कापड मागे ताणलं, कॅमेरा नळीच्या मध्याच्या उंचीला आणला आणि बाजूने चौकट धरली. समोरून घेतलं तर नळी दिसतच नाही आणि फुलाची सगळी गोष्टच हरवते. मामांनी न टेकवता शेजारी सुताराची पट्टी धरली, एकतीस सेंटिमीटर. मग त्यांनी बॅटरी नळीच्या मागे धरली आणि तळाशी मकरंदाची पातळी दिसली, जेमतेम दोन बोटं. वरचा सगळा भाग रिकामा. तो फोटो मी टायमर लावून घेतला, कारण माझे हात थरथरत होते.

सातनंतर वास यायला लागला. निशिगंधाच्या जवळ जाणारा, पण अंगावर न येणारा. त्या वेळी दाराशी अधीक्षक उभे होते. कार्यालय सव्वासहाला सुटतं, त्यामुळे इतकी वर्षं या बागेत काढूनही हा वास त्यांनी कधी घेतला नव्हता. ते फुलाजवळ बराच वेळ उभे राहिले, मामांना दोन-तीन प्रश्न विचारले आणि फोनवरून घरच्यांना बोलावून घेतलं. आठची मर्यादा त्यांनीच साडेआठ केली आणि नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिली.

एप्रिलमध्ये पुन्हा गेले, वेगळी परवानगी काढून. या वेळी काम आठवडाभरात झालं, जुना आवक क्रमांक संदर्भ म्हणून दिला होता. बाहेर एक्केचाळीस अंश. आत एका भिंतीवर ओले पॅड आणि समोरच्या भिंतीवर बाहेर हवा फेकणारे मोठे पंखे, घरचा कूलर जसा चालतो तसंच. आपली उन्हाळ्यातली हवा कोरडी म्हणूनच हे इतकं छान चालतं. कोकणातल्या दमट हवेत ओल्या पॅडने एवढा फरक पडत नाही. पॅडजवळचा तापमापक सत्तावीस दाखवत होता, पंख्यांजवळचा एकतीस. या चार अंशांवर मामांची सगळी मांडणी आहे: पॅफिओपेडिलम आणि फॅलेनॉप्सिस पॅडच्या बाजूला, वांडा आणि डेन्ड्रोबियम पंख्यांच्या बाजूला. वीज गेली तर पाण्याची मोटर आणि पंखे दोन्ही थांबतात. अशा दुपारी ते जमिनीवर पाणी मारत बसतात.

उन्हाळ्यात पंखे बंद करायची विनंती करू नका. फूल डोलतं हे खरं, पण दोन झोतांच्या मधला स्थिर क्षण धरून शटर वेगवान ठेवलं तर जमतं. लेन्सवर धुकं अजिबात धरत नाही, कारण कॅमेराच बाहेरून तापून आलेला असतो. आणि होळीनंतर काचेला बाहेरून चुना मारतात, त्याने उजेड इतका मऊ होतो की चौकटीच्या सावल्या नाहीशा होतात. वांड्याच्या पाकळीवरची जाळी मला जानेवारीच्या कुठल्याही सकाळपेक्षा एप्रिलच्या भर दुपारी स्वच्छ मिळाली. फक्त स्वतःसाठी पाणी भरपूर न्या. आत गार वाटतं, पण घामाच्या धारा लागतात आणि काम करताना तहान कळत नाही.

मे महिन्यात फोटोंचा संच पेनड्राइव्हवर आणि निवडक पंधरा प्रिंट काढून दिले. प्रिंटचा खर्च साडेसातशे. त्याचीही पोच घेतली, कारण अनामत परत मिळवायला ती लागते. हजार रुपये तीन आठवड्यांनी बँकेत जमा झाले. रद्द केलेला चेक पहिल्याच अर्जाला जोडला असता तर याहून लवकर मिळाले असते, असं लिपिकांनी सांगितलं, म्हणून तुम्ही तो जोडाच.

अँग्रेकमचा नळीवाला फोटो आणि चार ओळींची माहिती असा फलक काचघरात लावायचं अधीक्षकांच्या मनात आहे. मजकूर मी लिहून दिलाय, मामांनी त्यात "हे बांडगूळ नाही" ही ओळ वरती घालायला लावली. फलकासाठी तीन दरपत्रकं मागवली आहेत.